शिंक आली की पाय आवळणाऱ्यांचा धागा

मीठमिरची: आज दादरच्या पुलावर एका काकूंना शिंक आली. लघवी निसटू नये म्हणून तिथेच गुडघे आवळून थांबल्या. मागून धक्के, "ओ, चला ना!" मला आई आठवली. खोकला आला की ओट्याची कड धरायची, साडी कायम गडद. आम्हाला वाटायचं आवडच तशी. लिहा गं तुमचंही.

शेवगा: दुसऱ्या बाळंतपणानंतर हसायचीही चोरी. "बायकांचं असंच" ऐकून कंटाळले, फिजिओकडे गेले. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते म्हणाली. पोटातला वारा अडवतो तसं आत-वर ओढायचं, पोट-मांड्या सैल, श्वास चालू. पाच सेकंद धरायचं, तेवढंच सोडायचं. दहादा, दिवसातून तीनदा. लघवी मध्येच अडवून सराव नको. फरक पडायला तीनेक महिने गेले. शिंक येतेयसं वाटलं की आधीच आवळायचं, हे मात्र लगेच कामाला आलं.

विरारफास्ट: +१. मी हा व्यायाम ट्रेनमध्येच उरकते. फक्त भुवया वर जातात, समोरची विचारते काय झालं 😂

निवांत: सगळ्यांनी आवळत बसू नका. माझे स्नायू सुटतच नव्हते. लघवीला बसलं तरी सुरू होईना, नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की दुखायचं. मला उलट सैल सोडायला शिकवलं. आधी तपासून घ्या.

ओटाभर_भांडी: सासूबाईंचं अंग, म्हणजे गर्भाशय, खाली सरकून बाहेर यायचं. चाळीत तिसऱ्या मजल्यावर कळश्या चढवल्या जन्मभर, त्यात चार बाळंतपणं. सांगणार कुणाला? शेवटी डॉक्टरांनी आत रिंग बसवली, ऑपरेशन न करता. मधूनमधून दाखवून यावं लागतं, पण भजनाला जायला लागल्या. कुकर झाला, येते.

विरारफास्ट: मुळात मुताऱ्या कुठायत? २०११ पासून 'राइट टू पी' (लघवीचा हक्क) चळवळवाल्या बायका मुंबईत तेच मागताहेत. मी तर घरून निघताना पाणीच पीत नाही.

शेवगा: नको गं! लघवी गडद झाली की मूत्राशय आणखी चिडतं. वर बद्धकोष्ठ, की कुंथून पुन्हा त्याच स्नायूंवर ताण. आणि "निघताना एकदा जाऊन येते" हेही सारखं नको, थोड्याशालाच घाई व्हायला लागते.

विरारफास्ट: ते तर आजीने शिकवलंय 🙈

गोडांबा: फिजिओचं नाव व्यक्तिगत निरोपात कळवा ना. @ओटाभर_भांडी ताई, चाळ कुठली? आमची गिरगावात.

ओटाभर_भांडी: अय्या, आमचीही! फणसवाडी.

गोडांबा: मग गणपतीला भेटूच.