शेतीरक्षणाचा परवाना आणि शिकार
पीक रक्षणासाठी बंदुकीचा परवाना असला की शेतात शिरलेले रानडुक्कर मारण्यास हरकत नाही, हे विधान अर्धेच खरे आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याखालील परवाना केवळ हत्यार बाळगण्याचा असतो; जनावर मारण्याची परवानगी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वनखात्याकडून वेगळी आणि लेखी घ्यावी लागते. काळविटाच्या बाबतीत तर, ते ज्वारी कितीही खावो, तो विचारही करू नये.

आमच्या घरी परभणीकडच्या शेतावर वडिलांची एकनळी बाराबोर बंदूक होती. बहात्तरपूर्वी त्यांनी हरणे मारली होती, ते त्यांनी कधी लपवले नाही. पुढे मात्र ती बंदूक माळ्यावर, काडतुसे खाली कुलूपबंद पेटीत आणि किल्ली आईच्या कमरेला, अशी व्यवस्था अखेरपर्यंत राहिली. प्रत्येक निवडणुकीपूर्वी ती ठाण्यात जमा करून पावती आणणे हे माझे काम असे. हातात घेताच नळी उघडून आत काडतूस नाही हे पाहायचे, मग ती क्षणापूर्वी दुसऱ्याने तपासलेली का असेना, ही सवय मला त्यांनीच लावली.