शब्दचर्चा : गोळीनंतरचं हलणं 'कंप' नव्हे, मग काय?

परळनाका : एका मेंदू-संशोधकाच्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनावरच्या व्याख्यानावरून पार्किन्सनच्या रुग्णांसाठी चार पानी पत्रक मराठीत करायचं काम चालू आहे. 'ट्रेमर'ला कंप लिहिलं आणि 'डिस्कायनेशिया'लाही कंपच. डॉक्टरांनी दुसरा कंप खोडून कागद परत पाठवला. शिवाय 'मूव्हमेंट डिसऑर्डर'ला 'चलनविकार' चालेल का?

औषधपेटी : खोडला ते बरं झालं. दोन्हींची कारणं उलटी आहेत. कंप डोपामिन कमी पडल्याचा. हात मांडीवर स्वस्थ असताना सेकंदाला चार ते सहा वेळा, अंगठा-तर्जनीत गोळी वळल्यासारखा. कप उचलायला गेलं की बहुधा थांबतो. डिस्कायनेशिया बहुतेकदा लेव्होडोपाचा (मेंदूत ज्याचं डोपामिन होतं त्या गोळीचा) असर शिगेला असताना होतो. मान, खांदे, कंबर झुलत राहतात, त्याला ठेका नसतो. घरचे सांगतात 'गोळीनंतर कंप वाढतो', केसपेपरवर 'कंप वाढला' एवढंच उतरतं आणि डोस वाढतो. खरं तर उतरवायचा असतो. 'वळवळ' लिहा.

शुद्धलेखणी : वळवळ किड्यांची. माणसासाठी 'दुश्चलन'.

गिरणगावकर : दुश्चलन वाचून घरचे म्हाताऱ्यावर पाळत ठेवतील! आणि चलनविकार म्हटलं की मिंट रोडवरची रिझर्व्ह बँक आठवते. 'हालचालींचे विकार' लिहून मोकळे व्हा.

शुद्धलेखणी : पार्किन्सनला 'कंपवात' हा नेमका शब्द असताना ही ओढाताण कशाला?

औषधपेटी : नेमका कुठे? कैक रुग्णांना कंप नसतोच. नुसता ताठरपणा आणि मंदपणा : सदऱ्याची बटणं लागत नाहीत, लिहिताना ओळीच्या शेवटी अक्षर मुंगीएवढं होतं. माधवनिदान या आयुर्वेद ग्रंथातल्या वेपथूत, म्हणजे कंपवातात, डोकं हलणंही येतं, ते पार्किन्सनपेक्षा 'इसेन्शियल ट्रेमर' या थरथरीच्या वेगळ्या विकारात जास्त दिसतं. जेम्स पार्किन्सननेही १८१७च्या निबंधाच्या नावात थरथरीलाच मान दिला होता, तेव्हा दोष एकट्या आपल्या भाषेचा नाही.

पेशीजाल : 'डोपामिन सिग्नलिंग'ला 'संदेशवहन' मात्र करू नका. निरोप एकाने द्यायचा, एकाने घ्यायचा. इथे डोपामिन स्ट्रायेटम या मेंदूच्या भागात सांडतं, आजूबाजूला पसरतं. तेच रसायन डी-१ ग्राहीच्या (ग्राही म्हणजे 'रिसेप्टर', रसायन धरणारा पेशीवरचा रेणू) पेशींना चेतवतं आणि डी-२च्या पेशींना दाबतं. पहिल्या हालचाल सुटू देतात, दुसऱ्या रोखतात. डोपामिन आटलं की दोन्हीकडून ब्रेक लागतो. निरोपापेक्षा पातळीला महत्त्व. माझं मत 'संकेतन'ला. आणि हो, 'ग्राही'च लिहा. 'ग्राहक' दादरच्या मंडईत.

औषधपेटी : पातळी पत्रकात यायलाच हवी. आजाराच्या सुरुवातीला डोपामिनच्या उरलेल्या पेशी लेव्होडोपापासून डोपामिन करून साठवतात, हळूहळू सोडतात. पेशी घटल्या की रक्तातले चढउतार थेट मेंदूत. चढाला झुलणं, उताराला ताठरणं. 'ऑफ'ला, म्हणजे गोळीचा असर ओसरल्यावरच्या वेळेला, रुग्णांचाच शब्द घ्या : 'गोळी उतरली'. गोळी जेवणाआधी अर्धा तास. डाळ, अंडं, पनीर यांच्या जोडीला नको, कारण प्रथिनांतली अमिनो आम्लं आतड्यात आणि मेंदूच्या दाराशी तिचीच वाट अडवतात. '११०ची' आणि '१२५ची' गोळी एकच समजू नका. लेव्होडोपा दोन्हींत १०० मिलिग्रॅम, पण कार्बिडोपा १० आणि २५. तीन ११० घेतल्या तर कार्बिडोपा दिवसाला ३०च. लेव्होडोपाचं मेंदूबाहेरच डोपामिन होऊ नये म्हणून कार्बिडोपा दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम लागतं. कमी पडलं की मळमळ.

कोकणकडा : खाजकुइलीचं नाव घाला. दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली तिच्या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढलं होतं.

शुद्धलेखणी : खाजकुयली.

पेशीजाल : मग सर्पगंधाही घाला, ती उलट्या कामाची. तिच्यातलं रेसरपिन डोपामिनचे साठे रिकामे करतं. त्याने निपचित पडलेले ससे संशोधक कार्लसन यांनी १९५७ साली एल-डोपा (म्हणजे लेव्होडोपाच) देऊन उठवले.

औषधपेटी : खाजकुइली घालाल तर हेही लिहा : चूर्णात लेव्होडोपा किती, ते पुडीगणिक बदलतं आणि चालू गोळीच्या डोसात त्याची भर पडते. डॉक्टरांना न सांगता घेतलं की पुन्हा वळवळ.

परळनाका : पत्रक सोमवारी छापायला जातंय. वळवळ, झुलणं की डोलणं?

कोकणकडा : खाजकुइलीच. 'य' कुठून आला?

शुद्धलेखणी : 'कुहिली' असंही म्हणतात. 'ह' गळला की 'य' आत येणारच.