टीव्ही-रेडिओवरच्या अश्लीलपणाला सरकारी दंड पाहिजे का नको?

मांजराकाठ (लातूर):
लै दिवसापासून डोक्यात हाय म्हणून लिहायलो. घरचे समदे जेवायला बसलेले अन् मधीच अशी जाहिरात येती की आईपुढं मान खाली, रिमोट तर कधीच टायमाला सापडत नाही. अमेरिकेत सकाळी ६ ते रात्री १० ॲन्टेनाच्या टीव्ही-रेडिओवर असलं काही लागलं की दंड, अन् २००६ ला त्यांनी तो ३२,५०० डॉलरवरनं थेट ३,२५,००० वर नेला. आपल्या १९९५ च्या केबल कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड होता १००० रुपये! च्यानलवाला घाबरंल का ब्वा?

गोदाकाठचा वकील (नांदेड):
भाऊ, अर्धीच गोष्ट सांगायलेत तुम्ही. त्याच कायद्यात २ वर्षं जेल पण होती, २०२३ ला काढली. अन् अमेरिकेचंच घ्या, २००४ च्या सुपर बाऊलमधी (तिथली फुटबॉलची फायनल) गायिकेची छाती सेकंदभर पण दिसली नाही, ते दाखवणाऱ्या सीबीएस च्यानलला ५,५०,००० डॉलर दंड लावला, पण धोरण मधीच बदलून मागच्या कार्यक्रमाला लावलं म्हणून कोर्टानं उडवला, २०१२ पर्यंत भांडण चाललं. आपल्याकडं तर थेट पडदाच बंद करतेत, २००७ ला एएक्सएन च्यानलवर २ महिन्याची बंदी घातली, २०१० ला एफटीव्ही ह्या फॅशनच्या च्यानलवर ९ दिवसाची. अश्लील काय हे दिल्लीतला साहेब ठरवणार? २०१७ ला कंडोमच्या जाहिराती सकाळी ६ ते रात्री १० बंद करायला सांगितल्या, ज्या बाईला पाळणा लांबवायचाय तिनं काय १० नंतर जागं राहावं का?

परभणीची ताई:
कंडोमचं पटलं वकीलसाहेब, बाकी नाही. बंदीपेक्षा दंडच बरा की, च्यानल चालू राहतं अन् खिशाला चटका बसतो. टीव्ही-रेडिओ ज्यावरनं येतो त्या हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या हेत असं सुप्रीम कोर्टानंच १९९५ ला म्हणलंय, मग जनतेच्या जागेत धंदा करणाऱ्यानं नियम पाळावा. आमच्याकडं आकाशवाणी परभणी दिवसभर चालू असती, घरात लेकरं-म्हातारी समदेच, रेडिओवर पुढं काय येणार हे आधी कुणाला दिसतंय का?

केबलवाला (बीड):
ताई, आकाशवाणीचं नाव कशाला घेता, तिच्यावर कुणाची तक्रारच नाही. दंड निघाला की मुंबईचं च्यानल वकील लावून सुटतं, नोटीस घेऊन कलेक्टर हापिसात आम्ही उभे.

मांजराकाठ (लातूर):
मग दंड जाहिरातीच्या कमाईवर टक्क्यानं लावा, तुमच्यावर नको. तुमचं काय म्हणणंय वकीलसाहेब?

गोदाकाठचा वकील (नांदेड):
टक्का लावा की, आधी यादी लिहून द्या काय चालंल काय नाही. अन् तुमचं पोरगं मोबाईलवर काय बगायलंय त्याला तर हा केबलचा कायदा लागूच नाही.