एक्स्ट्रा काम तोंडी, तडे दाखवून शेवटचं बिल अडवलं. काय करावं?

गुत्तेदार_लातूर
तळमजला अधिक एक, 2400 चौ. फूट घर. मटेरियलसह गुत्तं, चौरस फुटाचा भाव एका पानावर, दोघांच्या सह्या. मधेच मालकाने टॉवर रूम (गच्चीवरची जिन्याची खोली), कंपाउंड वॉल आणि दुप्पट मोठी टाकी सांगितली, सगळं तोंडी. आता भिंतीला तडे आहेत म्हणून 3 लाख 80 हजार देईना. वरून म्हणायलाय, पानावर नाही त्याचे पैसे नाहीत. त्यातला 1 लाखाचा चेकही परत आला. कुठून सुरुवात करावी?

वकील_धाराशिव
चेकपासून, कारण तिथे तारखा धावतात. बँकेचा मेमो हाती आल्यापासून 30 दिवसांत स्पीड पोस्टाने, पोचीच्या पुराव्यासह नोटीस. ती मिळाल्यावर मालकाला 15 दिवस. तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात परक्राम्य संलेख कायद्याच्या (चेक बाउन्सच्या) कलम 138 खाली तक्रार. नोटिशीत चेकची रक्कम नेमकी लिहा. ती 3 लाख 80 हजारांच्या बाकीत मिसळलीत, तर नोटीसच बाद ठरते.

एक्स्ट्राचं म्हणाल तर, करार कायदा 1872, कलम 70. फुकट करायचं म्हणून केलं नव्हतं आणि मालक ते वापरतोय, एवढं सिद्ध झालं की वाजवी मोबदला मागता येतो. अडचण एकच. त्या पानावर ‘लेखी परवानगीशिवाय एक्स्ट्रा नाही’ अशी ओळ आहे का, ते आधी बघा. दावा लावायची मुदत काम पूर्ण झाल्यापासून 3 वर्षं. त्या आत मालकाने बाकी मान्य असल्याचं लिहून सही दिली, तर तिथून नव्याने मोजायची. व्हॉट्सॲपवरचे ‘टाकी मोठी करा’ असले मेसेज पुसू नका, फोनही विकू नका. कोर्टात ते साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 च्या प्रमाणपत्रासह द्यावे लागतात, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही.

सिव्हिल_परभणी
तडे नेमके कुठे आहेत? प्लास्टरवर जाळीसारखे बारीक असतील तर पाणी मारणं कमी पडलं, ते तुमच्या अंगावर. बीमखाली आडवी सरळ रेघ असेल तर तिथे जाळी न लावता प्लास्टर झालंय, तेही तुमचंच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा असेल तर मात्र पाया हलत असू शकतो. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंतीलगत मोरीचं पाणी मुरत असेल तर विचारूच नका. नकाशात दिलेली पायाची खोली पाळली असेल तर तो डिझाइनचा प्रश्न. खड्डा उथळ घेतला असेल तर तुमचा. पीसीसीच्या (पायाखालच्या साध्या काँक्रीटच्या थराच्या) आधी टेप लावून काढलेला फोटो इथे कामाला येतो.

तड्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहा. फुटली तर तडा अजून चालू आहे.

काँक्रीटची ताकद तपासायला क्यूब घेतले होते का? आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे 16 ते 30 घनमीटरला 3 नमुने, प्रत्येकी 3 क्यूब. 1200 चौ. फुटांचा 5 इंची स्लॅबच 14 घनमीटर होतो, बीम धरले की 16 च्या वर जातो. म्हणजे मजल्याला 9 क्यूब. नसतील तर कोअर (झालेल्या काँक्रीटमधून कापलेले गोल तुकडे) काढावे लागतील, हॅमर टेस्ट फक्त वरचा थर सांगते.

मिस्त्री_जालना
साहेब, मालक ग्राहक आयोगात जाऊ शकतो, 2 वर्षांत. तुम्हाला तो रस्ता नाही, दिवाणी कोर्ट. आणि वाळूच्या पावत्या शोधून ठेवा. वाहतूक पास नसेल तर बाजारभावाच्या पाचपट दंडाची तरतूद आहे, भांडण पेटलं की अशा तक्रारी बाहेर पडतात.

प्लॉट गुंठेवारीतला (परवानगीशिवाय गुंठ्यांत तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला) आहे का? 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतचीच बांधकामं नियमित होतात. त्यानंतर परवानगीशिवाय बांधलं असेल तर नगररचना कायद्याचं कलम 52 दुसऱ्याच्या सांगण्यावरून काम करणाऱ्यालाही लागतं. ‘मालकाने सांगितलं’ हे चालत नाही.

गुत्तेदार_लातूर
प्लॉट एनए आहे, परवानगी आहे. एक्स्ट्राची ओळ पानावर नाही. रविवारी मापं घेऊ का?

सिव्हिल_परभणी
घ्या, पण मालकाला तारीख-वेळ टाकून आधी स्पीड पोस्टाने पत्र पाठवा, पोचायला चार दिवस सोडा. तो आला तर शीटवर सही घ्या, नाही आला तर बाहेरचा इंजिनिअर नेऊन त्याच्या सहीने मापं लिहा. टाकी रिकामी करून आतून मोजा. कंपाउंडचा पाया एका ठिकाणी उघडून टेपसह फोटो काढा, जमिनीखालचं काम मालक सगळ्यात आधी नाकारतो. दर राज्य दरसूचीतून (सरकारी बांधकामाच्या दरांच्या यादीतून) घ्या आणि टॉवर रूमचा हिशेब चौरस फुटाच्या भावात मिसळू नका.

वकील_धाराशिव
त्या पत्रात तडे दुरुस्त करायची तयारीही लिहा, तारखेसकट. मग ‘काम अर्धवट टाकून गेला’ म्हणता येत नाही.