कुरआन मोबाइलवर शिकवावं का? मग गावच्या मकतबचं (कुरआन शिकवायच्या शाळेचं) काय?

पुसदवाला: आमच्या गावचे हाफिजसाहेब (अख्खं कुरआन पाठ असलेले) तनखा पुरत नाई म्हणून शहरात गेले, मकतब बंद पडलं, अन आता चार-पाच घरची लेकरं मोबाइलवर हैदराबादच्या उस्तादाकडे नुरानी कायदा (अरबी अक्षरं वाचायचं पहिलं पुस्तक) शिकून राहिली. मले नाई पटत. ज्वाद हे अरबी अक्षर काढताना जिभेची कड वरच्या दाढांले लागते का नाई हे उस्ताद समोर बसूनच पाहू शकते, पडद्यावर काय डोंबल दिसते? से, सीन, स्वाद ही तीन वेगळी अक्षरं, पण आपली पोट्टी तिन्हीले एकच स म्हणतात.

वऱ्हाडची आपा: मकतब होतं तवा पोरींले किती शिकवलं भाऊ? जरा मोठी झाली का घरी बसवली. माझी पोरगी आता उस्तानीकडे घरबसल्या शिकते, नवा सबक (धडा) अन मागचा दोन्ही रोज ऐकवा लागते. मकतबात वीस पोट्टे एका दमात ओरडत, कोणाचं चुकलं ते कोणाले समजे?

कास्तकार: अन तोंड दिसलंच पाहिजे असं काई नाई. इमाम शातिबी, ११९४ मध्ये काहिऱ्यात वारले, ते तर अंध होते. किराअतीतलं (कुरआन पठणातलं) एवढं मोठं नाव, कानावरच शिकवलं ना?

पुसदवाला: हो पण त्यायले आवाज अख्खा येत होता! इथं नेटवर्कच्या दोन डांड्या. मद्दे-लाजिम, म्हणजे लांब ओढायचा स्वर, सहा हरकत (मात्रा) ओढायची, पोरगं बरोबर ओढते, पण आवाज मधातच तुटते अन तिकडे उस्तादाले चारच ऐकू येते, तो म्हणते फिरसे. आता ते पोरगं आठ-आठ ओढाले लागलं, कोणाच्या नावानं रडावं?

अकोलेकर: दोघंही एक गोष्ट सोडून राहिले. ॲप वेगळं, समोर ऐकणारा उस्ताद वेगळा. इजिप्तचे कुरआन पठण करणारे शेख हुसरी, त्यायची १९६१ ची अख्ख्या कुरआनची रेकॉर्डिंग लाख चांगली, पण ते तुमची चूक धरत नाई. तिसरे खलिफा हजरत उस्मानांनी मुसहफ (कुरआनच्या लिहिलेल्या प्रती) शहरोशहरी पाठवले तवा सोबत कारी (पठण शिकवणारे) पण धाडले असं रिवायतीत (जुन्या कथनात) येते, नुसता कागद नाई. तर उस्ताद कॉलवर असला तरी चालते, पण पारा (कुरआनच्या तीस भागांतला एक) संपला का एकदा कोण्या हाफिजासमोर बसवून ऐकवा.

पुसदवाला: कोण्या हाफिजासमोर? तोच तर गेला ना.

वऱ्हाडची आपा: गेला कारण त्याले म्हणत होते कापूस विकला का देऊ. ऑनलाइनवाल्याले बरं एक तारखेले फोन पे होते.