युगोस्लाव्हिया नेमका फुटला कशामुळे?

कृष्णाकाठ:
शाळेत असताना अलिप्त राष्ट्रांचे नेते म्हणून नेहरू, नासर, टिटो असं पाठ केलेलं आणि नकाशात युगोस्लाव्हिया एकच देश होता. परवा लेकीच्या अ‍ॅटलासमध्ये बघितलं तर तिथे सहा देश, नेटवर सात म्हणतात. नवरा म्हणतो धर्मावरून फुटला, पण मग तिथे टिटोची राजवट होती ती पस्तीस वर्षं कसे काय नांदले सगळे एकत्र? कोणी नीट सांगेल का?

जुना_नकाशा:
ताई, नुसता धर्म म्हणणं मला पटत नाही. सर्ब आणि क्रोएट बोलतात जवळपास एकच भाषा. 1980 मध्ये टिटो गेला आणि वर राहिलं आठ जणांचं अध्यक्षमंडळ, सहा प्रजासत्ताकं (सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, बोस्निया, मॅसेडोनिया, माँटेनेग्रो) आणि सर्बियातले कोसोव्हो, व्हॉयव्होदिना हे दोन स्वायत्त प्रांत, प्रत्येकाचा एक माणूस, अध्यक्षपद दरवर्षी फिरतं. त्यात परदेशी कर्ज, 1989 ला महागाई हजार टक्क्यांच्या वर, स्लोव्हेनियावाले म्हणायला लागले आम्ही कमवायचं आणि पैसा राजधानी बेलग्रेडने न्यायचा. अशा वेळी सर्बियाचा नेता मिलोसेविच याने सर्ब अस्मिता पेटवली, कोसोव्होची स्वायत्तता काढून घेतली आणि आठपैकी चार मतं आपल्या मुठीत आणली. मे 1991 मध्ये अध्यक्षपदाची पाळी क्रोएशियाच्या मेसिचची होती तर त्याच गटाने ती अडवली, आणि 25 जूनला स्लोव्हेनिया, क्रोएशिया दोघांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. माझ्या मते देश मोडला तो इथे, पाळी नाकारली तेव्हा.

दूरदेशी:
वरचं बरोबर आहे पण सगळ्यात जास्त भोगलं बोस्नियाने. स्लोव्हेनियाचं युद्ध दहा दिवसांत मिटलं कारण तिथे सर्ब वस्ती फार नव्हती. बोस्नियात मात्र मुस्लिम, सर्ब, क्रोएट एकाच जिन्यात राहणारे, त्यांच्यात रेघ ओढायची कुठून? मी बोस्नियाच्या राजधानीला, साराजेव्होला जाऊन आलोय. विमानतळाखालून खणलेला बोगदा आहे, साधारण 800 मीटरचा, त्याचा थोडा भाग बघायला ठेवलाय, आत मान वाकवूनच चालावं लागतं. सर्ब सैन्याने शहराला घातलेल्या वेढ्यात पीठ, औषधं, जखमी माणसं सगळं त्यातूनच. फुटपाथवर तोफगोळ्यांचे खड्डे लाल राळेने भरलेत, लांबून फूल पडल्यासारखं दिसतं, लोक त्याला गुलाबच म्हणतात. मला त्यावर पाय ठेववेना. वेढा एप्रिल 1992 ते फेब्रुवारी 1996. आणि बोस्नियातलंच स्रेब्रेनिका, जुलै 1995, सर्ब सैन्याने आठ हजारांवर मुस्लिम पुरुष आणि पोरं मारली, तीसुद्धा युनोने सुरक्षित म्हणून जाहीर केलेल्या गावात.

बेळगावकर:
एक भर घालतो. 1992 मध्ये युनोच्या शांतिसेनेचे तिथले पहिले सेनापती आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फंट्रीचे. सैन्य नेमलेलं क्रोएशियात आणि मुख्यालय साराजेव्होत, म्हणजे बोस्निया पेटला तेव्हा ते बरोबर त्याच्या मधोमध.

कृष्णाकाठ:
धन्यवाद सगळ्यांना. जिन्याचं वाचून कसंतरी झालं, आमच्याही जिन्यात चार जातीधर्माची घरं आहेत. पण सहा की सात ते राहिलंच.

जुना_नकाशा:
हो, राहिलंच. मॅसेडोनिया 1991 लाच न लढता बाहेर पडला, माँटेनेग्रोने 2006 मध्ये मतदान घेतलं, 55 टक्के हवे होते, साडेपंचावन्न पडले. सातवं कोसोव्हो, 2008 चं. भारताने अजून त्याला मान्यता दिलेली नाही, म्हणून लेकीच्या अ‍ॅटलासमध्ये सहाच.