मदत हवी आहे: मिनी पांढऱ्या पडल्या, शनिवारी खेळ आहे

तिरपागडा:
रात्री शेवटचा हात मारला आणि सकाळी बघतो तर सगळ्या मिनी, म्हणजे टेबलावरच्या खेळातल्या छोट्या मूर्ती, पांढऱ्या. दोन महिने खपून रंगवल्यात. शनिवारी दुकानात खेळ आहे आणि तिथे बिनरंगाच्या मिनींची टोळी टेबलावर घेत नाहीत. पांढरं कसं काढायचं? पुसून झालंय, निघत नाही. लवकर सांगा.

शिळोप्या:
शेवटचा हात कसला? रंगाचा, वॉशचा की वार्निशचा? खेळ कुठला?

दुपारचा चहा:
फेविक्विक लावलं असणार. त्याची वाफ जोडाच्या आजूबाजूला पांढरी बसते. प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंटच वापरा, ते दोन्ही कडा वितळवून एकजीव करतं. पंधरा वर्षं तेच वापरतोय.

तिरपागडा:
चिकटवायचं काम मे महिन्यातच झालंय हो! मॅट वार्निशचा स्प्रे मारला. खेळ फ्रॉस्टग्रेव्ह. त्याचा काय संबंध?

शिळोप्या:
संबंध इतकाच की जादूगार, शिष्य आणि आठ शिपाई धरून दहाच मिनी होतात. हाताने निस्तरता येईल. स्प्रे कुठे मारला?

तिरपागडा:
बाल्कनीत, रात्री अकराला. पाऊस होता, पण वर छत आहे.

शिळोप्या:
छताने पाऊस अडतो, दमट हवा कशी अडेल? गाव सांगितलं नाहीत, पण जुलैत सगळीकडे तेच. वाळता वाळता थरात ओल अडकली, म्हणून पांढरं दिसतंय. खालचा रंग बहुधा शाबूत असेल. ग्लॉस वार्निशचा पातळ हात ब्रशने द्या. पूर्ण वाळलं की मॅट, तेही ब्रशनेच. आधी एका शिपायावर करून बघा, जादूगारावर नको.

घाटाखालचा:
एवढा खटाटोप कशाला? ऑलिव्ह तेलाचा अगदी हलका हात फिरवा. माझा काळा ड्रॅगन असाच राखाडी झाला होता, पाच मिनिटांत काळा.

शिळोप्या:
आणि तेलावर मॅट बसणार कसं?

घाटाखालचा:
दोन दिवसांनी टिपून घेतलं, बसलं. करून न बघता बोलू नये.

कट्टेकरी:
सरळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा, ब्रशने घासा, नव्याने रंगवा.

तिरपागडा:
शनिवारपर्यंत दहा?? काहीही.

शिळोप्या:
शिवाय यातली एखादी रेझिनची असली तर अल्कोहोलात मऊ पडायची. मिनी कशाच्या आहेत ते अजून कळलेलं नाही.

कट्टेकरी:
मुळात फ्रॉस्टग्रेव्हच का? वीस पैलूंचा फासा, सगळा नशिबाचा मामला. कसलेला जादूगार शिकारी कुत्र्याकडून मार खातो. वॉरक्राय खेळा.

घाटाखालचा:
वॉरक्रायच्या टोळीची किंमत बघितलीय का? फ्रॉस्टग्रेव्हला कुठल्याही कंपनीची मिनी चालते. आमच्याकडे बुद्धिबळातला उंट शिष्य म्हणून उभा राहिलाय.

शेवंतीचं फूल:
अवांतर: आम्ही दिवाळीच्या किल्ल्यासाठी मातीचे मावळे आणायचो. घरी पोचेपर्यंत एकाची तरी तलवार मोडलेली असायची. त्याला अळीवाच्या रोपांत तोंडापर्यंत पुरायचं, म्हणजे दबा धरून बसलाय असं वाटायचं. वार्निश कोण मारतंय! तुमच्या टोळीत पांढरी भुतं म्हणून नाही का खपणार?

तिरपागडा:
नाही खपणार. मिनी प्लास्टिकच्या आहेत, गाव पुणे. तिरंदाजावर ग्लॉस लावून बघितलं. हिरवा झगा परत दिसायला लागला, बटणंसुद्धा दिसतायत. फक्त आता मुसळधार पावसातून आल्यासारखा चकाकतोय. मॅट किती वेळाने लावू?

शिळोप्या:
आजची रात्र जाऊ द्या. उद्या बोट लावून चिकट लागलं नाही तर लावा. आणि तो स्प्रे पावसाळाभर कपाटात राहू दे.

दुपारचा चहा:
पुण्यात असं दुकान आहे? कुठे?